ओच्या अलीकडची जागा

सकाळची तिसरी फाईल ऐकताना ती बाई ‘मदर’ म्हणायच्या आधी थांबली, आणि माझ्या हातातलं पेन कागदाला न टेकता तसंच वर राहिलं. थांबली म्हणजे फार नाही, एक श्वास घेऊन होईल इतकंच. मग शब्द आला आणि अगदी स्वच्छ आला, ओठ गोल न करता, जसा यायला हवा तसा. ज्याला शब्द येत नाही तो थांबला की पुढे शब्द लंगडत येतो, किंवा घाईघाईनं आपटत येतो. वीस वर्षं हेच ऐकते आहे, तेव्हा एवढं तरी मला कळतं. हिचा शब्द दोन्ही पायांवर धड चालत आला होता. मग अलीकडे ती थांबली कशाला? मी आवाज थोडा मागे नेला आणि पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. 

आमच्याकडे लोक इंग्रजी बोलायची परीक्षा देतात. देतात दुसऱ्या इमारतीत. आमच्या मजल्यावर येतात ते नुसते आवाज, नाव काढून नंबर लावलेले. दोन परीक्षक ते वेगवेगळ्या खोल्यांत बसून ऐकतात. दोघांच्या गुणांत फार अंतर पडलं की तो आवाज तिसऱ्याकडे जातो, आणि तिसरी म्हणजे मी. ऑफिसात मला ‘तिसरा कान’ म्हणतात. नवरा म्हणतो, तुझा कान हा अवयव नाही, आजार आहे. त्याचं फारसं चुकत नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी इंग्रजी शब्द वाकडा म्हटला की माझा घास घशाशी अडतो. बोलत मी काही नाही, पण माझा चेहरा बोलतो म्हणे. माझ्या खोलीत खिडकी नाही. भिंतींना जाड राखाडी कापड लावलंय, एक टेबल, एक खुर्ची, हेडफोन, आणि दारावर लाल दिवा. दिवा लागला की कुणी आत यायचं नाही. या खोलीत बसून मी कितीतरी माणसांची परदेशं ठरवली आहेत आणि त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. मला ते बरं वाटायचं. तोंड दिसलं की माणूस मऊ पडतो.

ही बाई नर्स होती. पस्तिशीची असावी. आवाजात दमणूक होती, पण तक्रार नव्हती. पहिल्या परीक्षिकेनं तिला प्रवाहीपणासाठी दहापैकी सात दिले होते, दुसऱ्यानं तीन. आणि खाली त्याच्या बारीक, टोकदार अक्षरात शेरा होता : ‘अवघड शब्द सहज, सोप्या शब्दांआधी थांबते. गोष्ट बनावट वाटते. पाठांतराचा संशय.’ हा शेरा आमच्याकडे सगळ्यात वाईट. नापास झालेल्याला पुढच्या महिन्यात पुन्हा बसता येतं, पण पाठांतर करून आला असं ठरलं की वर्षभर दार बंद. सुरुवातीच्या प्रश्नोत्तरांत तिनं सांगितलं होतं, की तिकडच्या एका रुग्णालयानं तिला जागा दिली आहे आणि ते तिची या महिन्याअखेरपर्यंत वाट बघणार आहेत. तेही तिनं थांबून सांगितलं होतं, ‘मंथ’च्या आधी. शेरा एकदा पडला की नुसता वेगळा आकडा लिहून तो पुसला जात नाही. तिसऱ्यानं शब्दांत कारण लिहावं लागतं, आणि ते कारण मुख्य परीक्षकांच्या टेबलावर जातं. मुख्य परीक्षकांना आम्ही मागे ‘कात्री’ म्हणतो. का म्हणतो ते सांगायला नको.

मी सवयीप्रमाणे कागदावर उभी रेघ मारली आणि ती कुठे कुठे थांबते ते टिपायला लागले. ‘इन्फेक्शन’ म्हणताना थांबली नाही. ‘अनेस्थेशिया’ म्हणताना तर माझाच श्वास अडला असता, ती सुखरूप पलीकडे गेली. ‘ब्रदर’च्या आधी थांबली. ‘मंडे’च्या आधी. ‘कम’च्या आधी. ‘अदर’, ‘नथिंग’, ‘सन’. रेघेच्या उजवीकडे शब्द उतरत गेले आणि सातव्या शब्दाशी मला दिसलं, की सगळ्यांच्या पोटात एकच अक्षर आहे, आणि सगळीकडे ते स्वतःचा आवाज टाकून दुसऱ्याचाच काढतंय. ओ. लिहायचं ओ आणि म्हणायचं अ. हे अक्षर मोठं लबाड. दिसायला उघड्या तोंडासारखं गोल, भोळं. पण ‘गो’मध्ये एक बोलतं, ‘हॉट’मध्ये दुसरं, ‘डू’मध्ये तिसरं, आणि ‘विमिन’मध्ये तर चक्क इ म्हणून मोकळं होतं. आणि आईला, भावाला, मुलाला, प्रेमाला, ‘ये’ म्हणायला ते तोंड गोल करूच देत नाही. घरातले सगळे शब्द त्यानं असे फिरवून ठेवलेत. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हे मी स्वतः, हॉस्टेलच्या बाथरूममधल्या फुटक्या आरशासमोर उभी राहून, सतराव्या वर्षी शिकले होते. पण त्याच्या आधी मी जे शिकले होते ते नानांकडून.

नाना म्हणजे माझे वडील. लहानशा गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. इंग्रजी बोलणारं माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि तेव्हा रेडिओही घरात नव्हता. त्यांच्याजवळ होता एक शब्दकोश, पहिली आठ पानं गेलेला. आणि उच्चार कसे वाचायचे ते नेमकं त्या आठ पानांत असणार. पण माणूस जिद्दीचा. त्यांनी स्वतःच नियम बसवले. ओ शब्दाच्या शेवटी आला की ओ म्हणायचं, मध्ये आला की ऑ. “ज्या अक्षराचा आकारच तोंडासारखा, ते दुसरं काय बोलणार?” असं विचारून ते फळ्यावर भलामोठा गोल काढायचे आणि वर्गातली चाळीस तोंडं गोल करून घ्यायचे. डॉक्टर बरोबर यायचा, शॉप बरोबर यायचं, म्हणून नियमावर त्यांचा विश्वास बसला. त्याच नियमानं आम्ही मॉदर म्हणायचो, ब्रॉदर म्हणायचो, सॉन आणि कॉम म्हणायचो. पुस्तकातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहायची आमच्या वर्गाची रीत होती. वर बारीक अक्षरात ‘मॉदर’, खाली छापलेला शब्द. आम्ही वरचं वाचायचो, खालच्याकडे बघतो कोण. नाना बाकांमधून फिरत एकेकाच्या डोक्यावरून वाकून ते बघायचे आणि चूक दिसली की खोडून स्वतः लिहायचे, फार सुंदर अक्षरात. त्यांच्या हातून चुकीचं सुद्धा इतकं सुरेख लिहिलं जायचं, की त्याच्यावर शंका घ्यावीशी वाटायची नाही.

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांनी घराबद्दल बोलायला उभं केलं. मी शाळेत पहिली आलेली, घाबरायचं कारण नव्हतं. माझी मॉदर अशी आहे, म्हटलं, माझा ब्रॉदर तसा आहे. आधी कुणीतरी खोकलं. मग मागच्या बाकावरून कोंबडा आरवावा तसं कुणीतरी ‘ऑऽ’ केलं आणि वर्ग फुटला. प्राध्यापक चांगले होते, त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला हळूच बरोबर शब्द सांगितला. ते हळूच सांगणंच जास्त लागलं. वर्षभर मला त्या वर्गात ‘ऑ’ म्हणत. मी तीन आठवडे रोज पहाटे आरशासमोर ओठांना शिस्त लावली. ओ दिसला की ते आपोआप गोल व्हायला बघायचे, मी बोटांनी धरून ठेवायची. ओठ सुधारले, पण आत एक राग राहिला आणि त्याला जायला जागा नव्हती. हसणाऱ्यांवर रागावता येत नाही, ते बरोबर असतात. मग राहतो तो एकच माणूस.

सुट्टीत घरी गेले तेव्हा नाना मला वर्गात घेऊन गेले. किती खुशीत होते. नवा सदरा घातला होता. “ही तुमची ताई, कॉलेजात शिकते, आज धडा ही वाचेल,” म्हणाले आणि स्वतः खडू हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले. मी वाचायला लागले. ‘मदर’ म्हटलं तशी पहिल्या बाकावरची चिमुरडी चटकन म्हणाली, “ताई, मॉदर.” ती बिचारी मला मदत करत होती. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “मदर. तुमच्या सरांना येत नाही. सर चुकीचं शिकवतात, म्हणून बाहेर गेल्यावर लोक हसतात.” असं म्हणाले मी, चाळीस पोरांसमोर. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तशी. पोरं नानांकडे बघायला लागली. नाना खडूकडे बघत होते. “बरं,” ते म्हणाले, “पुढे वाच.” मी पुढे वाचलं. प्रत्येक शब्द ठासून वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, तुझी गाडी किती वाजता आहे. त्यावर आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही. आईनं सुद्धा विषय काढला नाही, म्हणजे तिला ठाऊक असणार. पस्तीस वर्षं झाली. मी धरून चालले होते, की नाना रागावले, राग गिळला, आणि तसंच मॉदर-ब्रॉदर शिकवत निवृत्त झाले. पालथ्या घड्यावर पाणी, असंही मी एकदा नवऱ्याला म्हणाले होते, हसत हसत.

लाल दिवा लागलेला होता. मी आवाज पुढे नेला. परीक्षेचा शेवटचा भाग असा असतो, की उमेदवाराला एक कार्ड देतात आणि त्यावरच्या विषयावर दोन मिनिटं बोलायला सांगतात. हिच्या कार्डावर होतं : ज्याच्याकडून तुम्ही काही शिकलात अशा माणसाबद्दल सांगा. ती इंग्रजीत बोलत होती, पण माझ्या डोक्यात ते आपोआप आपल्या भाषेत उतरत होतं. आमच्या गावाला एक सर होते, ती म्हणाली. धडा ते स्वतः मोठ्यानं वाचायचे. पण वाचता वाचता काही शब्द आले की ते थांबायचे आणि हात असा पुढे करायचे, काहीतरी द्या म्हणावं तसा. मग तो शब्द आम्ही सगळ्यांनी म्हणायचा. आम्ही म्हटला की ते पुढचं वाक्य वाचायचे, पुन्हा तसला शब्द आला की पुन्हा थांबायचे. नवीन मूल वर्गात आलं की आम्ही त्याला शिकवायचो, सर इथे थांबतात, इथे आपण म्हणायचं. लहान असताना आम्हाला तो खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर मी एकदा विचारलं, सर, हे शब्द तुम्ही का नाही म्हणत? ते म्हणाले, माझी जीभ जुनी आहे, ती चुकीच्या वळणाला लागलेली आहे. माझ्या तोंडून चुकीचं तुमच्या कानात जायला नको. माझ्या मुलीनं हे शब्द बरोबर करून दिलेत, ते एका वर्गानं दुसऱ्या वर्गाला द्यायचे, मी मध्ये यायचं नाही.

समोर बसून प्रश्न विचारणाऱ्यानं तिला विचारलं, मग त्यांच्याकडून तुम्ही काय शिकलात? ती थांबली. या थांबण्यात कुठलं अक्षर नव्हतं. मग म्हणाली, वॉर्डात एखादी गोष्ट मला जमत नसेल तर मी हात मागे घेते आणि ज्याला जमते त्याला पुढे करते. मला त्याची लाज वाटत नाही.

मी हेडफोन काढले. खोलीत काही आवाज नव्हता, तशीच बांधलेली आहे ती. मला रडू आलं असं म्हणणं सोपं आहे, पण आधी आली ती भीती. काहीतरी पस्तीस वर्षं माझ्या नाकासमोर होतं आणि हा माझा नावाजलेला कान ते ऐकत नव्हता. दर रविवारी मी नानांना फोन करते. ते आता एक्क्याऐंशीचे आहेत, भावाकडे असतात. बोलता बोलता ते थांबतात. “भिंतींना यंदा नवा...” म्हणून थांबतात आणि मग म्हणतात, “रंग दिला.” “दादाची ती... जिथं तो कामाला जातो ना, तिथं बढती झाली.” मी घड्याळ बघायचे. वय झालं, म्हणायचे. कधी वाटायचं, माझ्याशी बोलायला त्यांना फारसं काही नसतं. जुना राग आहे, तो असा गारठून मध्ये मध्ये येतो. आणि त्या रिकाम्या जागा मी घाईनं माझ्या शब्दांनी भरून टाकायचे, औषध घेतलं का, चाललात का, डोळ्यांचं काय. कलर. कंपनी. कव्हर. मी टेबलाशी बसून आठवायला लागले आणि आठवेल तिथे तेच अक्षर निघायला लागलं. आपल्या बोलण्यात रुळलेले, कुणीही सहज म्हणतो असले शब्द. ते सुद्धा हा माणूस माझ्याशी बोलताना पायरीवर थांबल्यासारखा थांबून, वळसा घालून टाळत होता. मला काही बोलले असते तर मी भांडले असते, मग कदाचित क्षमाही मागितली असती. ते बोललेच नाहीत. शाळेत बारा वर्षं त्यांनी रोज चाळीस पोरांसमोर हात पुढे केला, आणि मी इकडे लोकांच्या थांबण्याचे गुण कापत होते.

आणि आता काय लिहायचं? आमच्या नियमाप्रमाणे उमेदवार ओळखीचा निघाला, किंवा त्याच्या बोलण्यात आपलं नात्याचं माणूस आलं, तर परीक्षकाचे गुण बाद होतात. गप्प राहून सात लिहिता आले असते. पण सात लिहिले तरी कारण हवं, आणि खरं कारण एकच होतं. थांबते कारण तिला तसं शिकवलंय. गोष्ट बनावट नाही, तो माणूस खरा आहे. मला कसं माहीत, तर तो माझा बाप आहे. आणि तो थांबतो कुणामुळे, तर माझ्यामुळे. हे लिहिलं की माझा आकडा गेला, म्हणजे बाईच्या बाजूचं माणूस गेलं. नाही लिहिलं तर बाई गेली. शिवाय हे लिहून द्यायचं कुणाला, तर कात्रीला; ज्या ऑफिसात माझे उच्चार नव्या लोकांना ऐकवले जातात त्या ऑफिसात, की मी मूळची मॉदर म्हणणारी. खोटं कशाला बोलू, या शेवटच्या गोष्टीनं मी चांगली दहा मिनिटं खाल्ली. बावन्न वर्षांची बाई, वर्गातल्या खोकल्याला अजून भिते.

मी जिन्यात गेले आणि भावाच्या घरी फोन लावला. नात्याचं माणूस निघालं तरी फाईल सोडली नव्हती, त्यात फाईलबद्दल बाहेर बोलणं हाही गुन्हाच, पण एक झाला तिथे दोन. वहिनीनं उचलला. “आज बुधवार आहे ना? सगळं ठीक आहे ना, ताई?” म्हणाली आणि नानांना हाक मारली. त्यांच्या चपला फरशीवरून घासत आल्या.

“नाना, तुम्ही वर्गात धडा वाचताना मध्येच थांबायचात?”

त्यांनी विचारलं, “कोणी सांगितलं?”

“तुमच्या एका विद्यार्थिनीनं. परीक्षेत. नर्स आहे ती.”

“आपली पोरगी? नर्स झाली?” त्यांचा आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. “पास झाली का?”

“अजून ठरायचंय. मध्ये मध्ये थांबते म्हणून गुण कापलेत. पाठ करून आलीय म्हणतात.”

“छे छे, पाठ कशाला करेल. मी पाठ करूच द्यायचो नाही कुणाला.” मग हळू म्हणाले, “म्हणजे माझं थांबणं तिला लागलं.”

“माझ्यामुळे लागलं, नाना. मी तेव्हा वर्गात जे बोलले ना...”

“खरं तेच बोललीस की. तू नसतीस बोलली तर आणखी बारा वर्षं पोरं चुकीचं शिकली असती. मला राग नाही आला. वाईट वाटलं, तुला लोक हसले म्हणून. माझ्यामुळे हसले.”

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. “मग माझ्याशी फोनवर का थांबता? मी काय परीक्षा घेते तुमची?”

ते थोडं हसले. “घेतेस की. पगारच त्याचा मिळतो तुला.” मग हसणं विरलं. “लोकांपुढे चुकायचं मला काही वाटत नाही गं. तुझ्यापुढे नको वाटतं. एकदा तुझी मान खाली गेली माझ्यापायी, पुरे. आता सवयच झालीय, तुझा फोन आला की जीभ आधी बघून घेते, पुढे काय शब्द येतोय.”

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. पोरीनं बापाला भ्यावं हे आपण ऐकतो. बापानं पोरीला पस्तीस वर्षं भ्यावं, आणि तेही एका स्वरापायी, आणि पोरीला त्याचा पत्ता नसावा! मी म्हटलं, “नाना, मला माफ करा.” त्यांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे, कारण ते म्हणाले, “ते राहू दे. तिचं काय करतेस?”

“खरं लिहिलं तर माझे गुण बाद होतात.”

“होऊ देत. तुझे गुण बाद झाले तर तू काय नापास होतेस? लिही. नाव-गाव सगळं लिही, माझं काही झाकू नकोस. आणि हे बघ, फाफटपसारा नको. सुटसुटीत लिही.” फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणाले, “निकाल लागला की सांग हो, सोमवारपर्यंत लागेल ना?” आणि ‘सोमवार’ म्हणायच्या आधी, मंडे टाळायला, त्यांनी तो श्वास घेतला. मी तो भरला नाही. पहिल्यांदाच मी ती जागा त्यांच्यापाशी राहू दिली.

खोलीत येऊन मी कारणाच्या चौकटीत लिहिलं. चार वेळा खोडलं, पाचव्यांदा सुटसुटीत झालं : ‘उमेदवार ज्या शब्दांआधी थांबते त्या सर्वांत ओ या अक्षराचा उच्चार अ आहे, यादी सोबत जोडली आहे. तिथे तिचा शब्द अडलेला नाही. तिच्या शिक्षकांना हे शब्द चुकीचे येत असत, म्हणून ते थांबत आणि वर्ग शब्द पूर्ण करी. ती अजून त्यांच्यासाठी जागा सोडते. सांगितलेली हकीकत खरी आहे. हे शिक्षक माझे वडील आहेत. त्यांची चूक मी सतराव्या वर्षी त्यांच्या वर्गासमोर सांगितली, आणि त्या दिवसानंतर ते थांबू लागले. या नात्यामुळे माझे गुण बाद धरावेत.’ खाली सही केली. ती जरा जास्तच ठळक आली.

कात्री म्हणजे सुकलेला, उंच गृहस्थ. बसा म्हणायच्या आधी कागद हातातून घेतो. त्यानं वाचलं. एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मी उभीच.

“हे कारण नियमावलीच्या कुठल्या कलमात बसतं?”

“बसत नाही.”

“तुमचे गुण बाद झाले हे तुम्हीच लिहिलंय. मग आता मी एकटाच ऐकणार. तुमचं हे वाचून मी गुण देणार नाही, हे माहीत आहे ना? जे कानाला येईल त्याचे देईन.”

“म्हणूनच आणलंय,” मी म्हणाले. ते खरं नव्हतं. मी आणलं होतं ते दुसरा मार्ग नव्हता म्हणून.

त्यानं हेडफोन चढवले, मला जा म्हणाला नाही, आणि डोळे मिटून ऐकायला लागला. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त यंत्रावरचा आकडा सरकताना दिसत होता. ती कुठे आहे ते त्या आकड्यावरून मला समजत होतं. दिवसभर तेच ऐकलं होतं. आता मंथ. चेहऱ्यावर काही नाही. आता मंडे. काही नाही, कपाळाला एक आठी पडली आणि गेली. या माणसासमोर बायका-पुरुषांचे अर्जच्या अर्ज आडवे झालेले मी पाहिलेत. आता ती घराबद्दल सांगायला लागली असणार, आता ‘माय’ म्हणून तिनं तो श्वास घेतला असणार, आणि तेवढ्यात कात्रीचे ओठ हलले. आवाज नव्हता. पण आरशासमोरच्या त्या पहाटांपासून मी ओठ वाचत आलेय, ते गोल झाले नाहीत. जो शब्द ती म्हणणार होती तो त्यानं तिच्याआधी म्हणून दिला, आणि आपण काय केलं ते त्याला कळलंही नाही. ब्रदरशी पुन्हा हलले. तिसऱ्या वेळी मात्र त्यानं डोळे उघडले, आपल्याच तोंडाला बोट लावलं, आणि आवाज मागे नेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं. पुन्हा ओठ हलले. मग तो माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ, परीक्षक परीक्षकाकडे बघतो तसं अजिबात नाही.

“सात,” तो म्हणाला. पाठांतराच्या शेऱ्यावर त्यानं एक आडवी रेघ मारली, बाजूला सही केली. रुग्णालयाला कळवायला अजून नऊ दिवस होते. मला वाटलं, आता हेडफोन काढेल, कागद परत देईल. त्यानं काढले नाहीत. टेबलावर कोपरं टेकून तो पहिल्या बाकावरच्या पोरासारखा पुढे सरकून बसला, आणि ती पुन्हा थांबायची वाट बघू लागला.